वाडी आणि मोहल्ल्यात बोलणं बंद झालं तर

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या खाडीकाठच्या गावात एका शिमग्याला पालखी मशिदीच्या कोपऱ्यावर अडली. ढोल थांबवायचे की नाही यावरून बाचाबाची झाली, कुणीतरी दगड मारला, कुणीतरी मोबाईलवर सगळं टिपलं आणि रातोरात ते मुंबईच्या चाळींपासून कुवेतपर्यंत पोचलं. चौघांची डोकी फुटली, एक टपरी मोडली. जीव कुणाचा गेला नाही. पण पुढची सव्वादोन वर्षं वाडीतल्या बायका मोहल्ल्यातल्या पाटीवरची मासळी घेत नव्हत्या आणि मोहल्ल्यातली घरं वाडीतलं दूध घेत नव्हती.

त्या गावच्या शाळेत मी तेवीस वर्षं शिकवलं. दगड मारणारा आणि ज्याला लागला तो, दोघंही माझ्याच वर्गात बसून गेलेले. म्हणून यात पडलो. पडल्यावर बऱ्याच चुका केल्या. नंतर आजूबाजूच्या तीन-चार गावांतही अशा बैठकांना बसलो. ज्यांच्या गावात असं काही घडलं आहे त्यांना उद्या सकाळी उठून नेमकं काय करायचं ते कळावं, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

पहिले दोन-तीन दिवस

लगेच गावसभा बोलावू नका. आम्ही तिसऱ्याच दिवशी देवळाच्या सभामंडपात बोलावली. माईक लावला, दोनशे माणूस जमलं, मोहल्ल्यातलं कुणी आलं नाही. देवळात, पोलीस बंदोबस्तात, दोनशे माणसांसमोर कोण येणार? पण न येण्याचा अर्थ ‘त्यांच्या मनात पाप आहे’ असा लागला आणि माईकवर जो तो आदल्यापेक्षा चढ्या आवाजात बोलला. ती सभा झाली नसती तर आमचं एक वर्ष वाचलं असतं, असं मला आजही वाटतं.

या दिवसांत कामं तीनच. जखमींना बघायला जा, दोन्हीकडच्या जखमींना, आणि शक्यतो दोन्हीकडच्या माणसांनी मिळून जा. दुसरं, दोन्ही वस्त्यांतल्या तीन-तीन माणसांचे फोन नंबर एका कागदावर लिहा आणि तो कागद पोलीस पाटलांकडे ठेवा. काही कानावर आलं की आधी या सहांपैकी कुणाला तरी विचारायचं. तिसरं, व्हिडिओ पुढे पाठवू नका, निषेध म्हणूनसुद्धा नाही. तुमच्याकडे असेल तर पोलिसांना द्या आणि गप्प बसा. दोन समाजांत तेढ वाढेल असा मजकूर पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे. रागाच्या भरात एक बटण दाबलेली पोरं पुढे वर्षानुवर्षं कोर्टाच्या तारखांना जाताना मी पाहिली आहेत.

अफवांचं म्हणाल तर त्या ठरलेल्याच असतात: मूर्तीला काहीतरी केलं, पोरीला पळवलं, बाहेरून गाडी भरून माणसं आणली. यातलं काही कानावर आलं तर वाडीतला एक आणि मोहल्ल्यातला एक अशी जोडी पाठवा आणि डोळ्यांनी बघून येऊ द्या. एकट्याचं म्हणणं कुणी मानत नाही.

काय बंद पडलं त्याची वही

वातावरण निवलं की घरोघर फिरायला लागा. हे काम कंटाळवाणं आहे, पण पुढचं सगळं त्यावरच उभं राहतं. ‘चूक कुणाची?’ असं विचारत फिरलात तर प्रत्येक घरात तेच भाषण ऐकून परत याल. मी तसाच फिरत होतो. एका आशाताईंनी मला सुधारलं. त्या म्हणाल्या, “गुरुजी, त्या दिवसापासून तुमच्या घरात काय काय बंद झालं, ते विचारा.”

त्या प्रश्नाने वही भरत गेली. दूध बंद. लग्नाचं बोलावणं बंद. मोहल्ल्यातला वायरमन वाडीत येईना, म्हणून चार पंपांच्या मोटारी जळून पडलेल्या. वाडीतली पोरं मोहल्ल्यातल्या तांडेलांच्या, म्हणजे नौका चालवणाऱ्या प्रमुखांच्या, नौकांवर खलाशी होती, ती उतरली आणि दोन नौका हंगामभर किनाऱ्याला बांधून राहिल्या. मंडपाची भांडी मोहल्ल्यातून यायची, ती आता तालुक्याहून दुप्पट भाड्याने आणावी लागत होती. शाळेत मुलांनी बाकं बदलली. हे पोरांना कुणी सांगितलं नव्हतं.

ही यादी दोन प्रकारे उपयोगी पडते. कुणाचं किती अडलं आहे ते कळतं, आणि ज्याचं अडलं आहे तोच पहिल्यांदा बोलायला तयार होतो. शिवाय खालचं भांडण वर येतं. आमच्याकडे ढोलाच्या खाली कब्रस्तानाच्या गडग्याचा (दगडी कुंपणाचा) वाद होता. त्याच्याही खाली जेटीवर लिलावाची जागा कुणाची, हा वाद. दोन्ही वाद दहा-बारा वर्षांचे, आणि दोन्हींचा धर्माशी काडीचा संबंध नव्हता.

माणसं कोणती घ्यायची

सरपंच, पोलीस पाटील आणि तंटामुक्त समितीचे अध्यक्ष हवेतच. १५ ऑगस्ट २००७ रोजी तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हापासून गावोगावी ग्रामसभेतून अशा समित्या झाल्या. काही नावापुरत्या उरल्या आहेत, पण चौकट आहे, ती वापरावी. मात्र निवडून आलेल्या माणसाला पुढच्या निवडणुकीचा घोर असतो. केवळ त्याच्या भरवशावर राहू नका.

माझी कसोटी एकच: हा माणूस स्वतःच्या समाजाला ‘नाही’ म्हणू शकतो का? समोरच्याशी गोड बोलणारे पुष्कळ मिळतात. सगळ्यांशी चांगला, सगळ्यांच्या उरुसाला आणि आरतीला हजर, पण त्याच्या वाडीत त्याचं कुणी ऐकत नाही. असा माणूस बैठकीत शोभतो, पण दगड उचललेला हात तो खाली आणू शकत नाही. पालखीचे मानकरी, देवळाचे गुरव, जमातीचे सदर (अध्यक्ष), जुने तांडेल, मच्छीमार सोसायटीचे चेअरमन, उर्दू शाळेतले शिक्षक, बचत गटाच्या अध्यक्षा, यांत शोधा. इमामसाहेब बऱ्याचदा बाहेरगावचे असतात. त्यांना पालखीच्या रीती ठाऊक नसतात, म्हणून आधी त्या सांगाव्या लागतात. आम्ही त्यांना गृहीत धरलं आणि नंतर माफी मागितली.

बायकांना ‘पाठिंब्याला’ म्हणून बोलावू नका. आमच्याकडे पहिली मासळी बैठकीच्या दीड महिना आधी विकली गेली. भाकरीला कालवण नव्हतं आणि विकणारीला पोराची फी भरायची होती. त्या दोघींनी कुणाला विचारलं नाही. समितीत त्यांना घेतलं तेव्हा कळलं, की गावात कोण कुठे भडकतंय ते त्यांना आमच्या आठ दिवस आधी ठाऊक असतं.

आणि एक तरी तापलेला तरुण आत घ्या. यावर दोन्हीकडून विरोध होतो, तो सोसा. नायजेरियातल्या कडुना शहरात इमाम मुहम्मद अशाफा आणि पास्टर जेम्स वुये हे एकेकाळी एकमेकांवर तुटून पडणाऱ्या तरुणांचे म्होरके होते. १९९२ च्या दंगलीत वुये यांचा उजवा हात गेला, अशाफा यांचे गुरू आणि दोन चुलतभाऊ मारले गेले. १९९५ मध्ये ते दोघं भेटले आणि पुढे वर्षानुवर्षं मिळून समेटाचं काम करत राहिले. आमच्या समितीतल्या दोन पोरांवर केस होती. पुढच्या शिमग्याला पालखीच्या दोन्ही अंगांना तीच दोघं चालत होती आणि त्यांच्या वयाच्या कुणीही घोषणा दिली नाही.

गावाबाहेरची माणसंही मोजा. कोकणातलं अर्धं गाव मुंबईत नाहीतर आखातात असतं. मुंबई मंडळाचे सेक्रेटरी आणि मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप गटाचा ॲडमिन बरोबर नसतील, तर इथे झालेलं रात्री तिथे उसवलं जातं.

आधी आपापल्या घरात

आता ज्या पायरीवर बहुतेक गावं घाई करतात तिच्याकडे येतो. दोन समाजांना समोरासमोर बसवण्याआधी प्रत्येकाला वेगळं, आपापल्या ठिकाणी बसवायला हवं. एकदा नाही, तीन-चार वेळा. आमच्या वाडीत पाच बैठका झाल्या, मोहल्ल्यात चार.

कारण असं, की गावात खरा तट वाडी आणि मोहल्ल्यात नसतो. वाडीतच दोन तट असतात: ‘मिटवा’ म्हणणारा आणि ‘आता मिटवलं तर कायमचे वाकाल’ म्हणणारा. मोहल्ल्यातही तसेच दोन. मिटवा म्हणणाऱ्यांना घाईने पलीकडच्यांसमोर बसवलं की उरलेले त्यांना फितूर म्हणतात आणि त्यांचा शब्द घरातच चालेनासा होतो.

या घरच्या बैठका पडवीत किंवा खळ्यात घ्या, वीसेक माणसांच्या. प्रश्न तीन ठेवा. त्या दिवशी आपल्याला सगळ्यात जास्त काय लागलं? आपल्याकडून काय झालं ते आपण आपल्यातच कबूल करू शकतो का? आणि काय झालं म्हणजे आपण पुढे जाऊ? पहिल्या प्रश्नाला दोन बैठका गेल्या तरी जाऊ द्या, माणसं मोकळी होतात. दुसऱ्या प्रश्नाला शांतता पसरते. ती तुम्ही बोलून मोडू नका. आमच्या तिसऱ्या बैठकीत त्या शांततेतच एक म्हातारे मानकरी म्हणाले, “घोषणा आपल्या पोरांनीच दिल्या. पालखीसमोर अशी घोषणा कधी नव्हती. मी तिथेच थांबवायला हवं होतं.” त्यांच्या पुतण्याला ते रुचलं नाही, तो उठून गेला. पुढच्या बैठकीला मात्र आला.

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं कागदावर घ्या. ‘त्यांनी सुधारावं’ हे उत्तर धरू नका, करता येण्यासारखं काहीतरी मागा.

हंगामही बघावा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, म्हणजे तांडेल आणि खलाशी घरी असतात. पण जुलैत वाडी लावणीत गुंतलेली असते. आमच्या अनुभवाने जूनचे पहिले पंधरा दिवस आणि लावणी उरकल्यावरचे जुलैचे शेवटचे आठ दिवस सर्वांत सोयीचे. ठरलेलं मग गणपतीत चाकरमानी आले की त्यांच्यासमोर ठेवता येतं.

एकत्र बसणं

जागा देऊळ नको, मशीद नको, ग्रामपंचायत शक्यतो नको. आम्ही जेटीवरच्या सोसायटीच्या गोदामात बसलो. जाळ्यांचे ढीग, डिझेलचा वास, पत्र्यावर पाऊस. अकरा माणसं, सगळी खाली सतरंजीवर. फोन एका टोपलीत. शुक्रवारची दुपार आणि एकादशी टाळली होती. काळा चहा आणि बिस्किटं, एवढंच खाणं, म्हणजे कुणाच्या हातचं काय हा प्रश्नच नको.

नियम दोन होते. जो बोलतो आहे त्याला तोडायचं नाही, आणि त्याचं झालं की समोरच्याने उत्तर देण्याआधी ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं. दुसरा नियम पोरकट वाटतो, शाळेतला वाटतो, पण सगळा फरक त्याने पडला. इतिहासाचा विषय बंद ठेवला. चारशे वर्षांपूर्वीचं काहीही त्या गोदामात सुटणार नव्हतं.

मोहल्ल्यातले एक जुने तांडेल आधी बोलले. “पालखी आमच्या दारावरून जाते याचा राग नाही, गुरुजी. आजोबांपासून आमच्या घरातून पालखीला नारळ जातो. घोषणा दिल्या त्याचं दुखलं. देणारी पोरं माझ्या नौकेवर वाढलेली.” मानकऱ्यांनी परत सांगायचं होतं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “म्हणजे पालखीचं नाही. पोरांच्या तोंडून ते ऐकावं लागलं, त्याचं.”

मग त्यांची पाळी. ते म्हणाले, “त्या धक्काबुक्कीत पालखी जमिनीला टेकली. माझ्या हयातीत टेकली नव्हती. सहाणेवर, तिच्या ठरलेल्या जागेवर, बसेपर्यंत ती टेकवत नाहीत. त्या रात्रीपासून मला झोप नाही.”

तांडेलांनी ते परत सांगितलंच नाही. ते एवढंच म्हणाले, “हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही, काका.”

आणि खरंच कुणी सांगितलं नव्हतं. सव्वादोन वर्षं मोहल्ल्याची समजूत होती की वाडी दगडासाठी चिडली आहे, आणि वाडीची समजूत होती की मोहल्ल्याला पालखीच नको आहे. त्या दिवशी काहीही ठरलं नाही. ठरवायचंही नसतं. पुढची तारीख घेऊन उठलो.

कागदावर काय हवं

तिसऱ्या-चौथ्या बैठकीत कागद करा. त्यात ‘बंधुभावाने राहू’ लिहू नका. वाट, वेळ, वाद्यं आणि जबाबदार माणूस लिहा. आमच्या कागदात असं होतं: पालखी नेहमीच्याच वाटेने जाईल, वाट बदलणार नाही. मशिदीसमोर थांबणार नाही, ढोल पारंपरिक चालीचेच राहतील, घोषणा होणार नाहीत, डीजे नाही. त्या वेळी जमातीची चार माणसं दारात उभी राहतील. बाजूला दोन्हीकडच्या जबाबदार माणसांची नावं. प्रत पोलीस ठाण्यात. सणाआधी ठाण्यात शांतता समितीची बैठक होते, तिथे हा कागद हातात असला की साहेबांचंही काम सोपं होतं. लाऊडस्पीकर रात्री दहा ते सकाळी सहा बंद, हा कायदाच आहे. तो दोघांनाही सारखा लावा.

कॅलेंडर आधी मांडा. हिजरी वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान दरवर्षी अलीकडे सरकतो. २०२४, २०२५ आणि २०२६ अशी सलग तीन वर्षं शिमगा रमजानात आला, आणि २०२५ ची धुळवड तर शुक्रवारी होती. अशा वर्षी इफ्तार, तरावीहची नमाज आणि पालखी एकाच संध्याकाळी एकाच रस्त्यावर येतात. तासभर मागेपुढे केलं की भागतं, पण ते महिनाभर आधी ठरायला हवं. दाखला हवा असेल तर ईदच्या जुलूसचा द्या. २०२३ मध्ये ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी दोन्ही २८ सप्टेंबरला आल्या, तेव्हा मुंबईतल्या मुस्लिम संघटनांनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढला. २०२४ आणि २०२५ मध्येही तो पुढे ढकलला. ज्यांच्यासाठी जुलूस पुढे ढकलला गेला त्यांनी हे लक्षात ठेवावं आणि आपली पाळी आली की तेवढंच मोठं मन दाखवावं.

नुकसान, माफी आणि केसेस

मोडलेली टपरी भरून द्या, आणि वर्गणी दोन्ही वस्त्यांतून काढा. रक्कम लहान असली तरी चालेल, पण मिळण्याआधी ‘झालं गेलं विसरा’ म्हणू नका.

माफी आपल्या रीतीने होऊ द्या. आमच्याकडे तांडेलांच्या घरातून पुन्हा नारळ आला आणि गुरवांनी देवासमोर गाऱ्हाणं घातलं, त्यात दोन्ही वस्त्यांची नावं घेतली. कुणी फोटो काढला नाही, तसं आधीच ठरलं होतं.

पोलीस केस मात्र गावाने मिटवायची नसते. कलम १९६ आपसात मिटवता येत नाही, आणि ज्याला गंभीर इजा झाली त्याच्यावर समेटाच्या नावाखाली दबाव आणणं हा दुसरा अन्याय होतो. कायदा त्याच्या वाटेने जाऊ द्यावा. समितीने एवढं करावं, की तारखेच्या दिवशी दोन्हीकडची पोरं एकाच गाडीने कोर्टात जावीत. आमची तशीच जायची.

मिळून काहीतरी करणं

एकतेचे मेळावे, व्यासपीठ, हार यांवर पैसे घालवू नका. जे काम एकट्याने होत नाही ते शोधा. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आणि २२ जुलै २०२१ चा चिपळूण-महाडचा पूर ज्यांनी पाहिला त्यांना ठाऊक आहे, की छतापर्यंत पाणी आल्यावर होडी कुणाची ते कुणी विचारत नाही. ती माणुसकी पाणी ओसरल्यावर विरून जाते, म्हणून तिला कामाला लावा. आमच्या गावात समितीतूनच आपत्तीची तुकडी झाली: दहा पोरं, दोन होड्या, दोरखंड, टॉर्च, एक जनरेटर. जेटीवरच्या लिलावाच्या जागेचा वाद सोसायटीत दिवस वाटून सुटला, आणि कब्रस्तानाच्या गडग्याचा वाद भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घेतल्यावर.

हे टिकतं का, असं लोक विचारतात. भिवंडीत १९७० आणि १९८४ ला भीषण दंगली झाल्या होत्या. १९८८ नंतर तिथले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी गल्लोगल्ली साध्या माणसांच्या मोहल्ला समित्या केल्या, आणि डिसेंबर १९९२ नंतर मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. समित्या दंगल नसतानाही भेटत होत्या, हे त्यातलं मर्म मला वाटतं. आणि आपल्याकडचंच सांगायचं तर रत्नागिरीजवळच्या हातीस गावात पीर बाबरशेखांचा उरूस हिंदू ग्रामस्थ वर्षानुवर्षं सांभाळत आले आहेत. जमलं तर एकदा समितीला घेऊन जा.

पुढच्या वर्षासाठी

वर्षातून चार वेळा बसा: शिमग्याआधी महिनाभर, मासेमारी बंदीत, गणपतीआधी आणि रमजान लागण्याआधी. सणांच्या तारखा जुळून आल्या तर दोन बैठका एकच होतात. काही घडलं नसलं तरी बसा. माणूस गेला, परदेशी गेला, थकला तर त्याच्या जागी कोण, ते त्यानेच आधी सांगावं. फोन नंबरांचा कागद दर वेळी नवा करा. आमच्या कागदावरचे दोन नंबर बंद झाले होते आणि ते आम्हाला गरज लागली तेव्हा कळलं.

ती वही माझ्याकडे आहे. दूध, मासळी, वायरमन, भांडी, खलाशी, यांच्यापुढे एकेक करून खूण झाली. बाकांचीही झाली, पण ती पोरं पाचवीत असताना हललेली आणि सातवीत गेल्यावर परत आली. लग्नाच्या बोलावण्यापुढे अजून अर्धीच खूण आहे. पत्रिका दोन्हीकडे जातात, माणसं हळदीला येतात, जेवायला मात्र थोडीच थांबतात. मे महिन्यात मोहल्ल्यात तीन लग्नं आहेत. समितीतल्या बायकांनी जेवायला थांबायचं ठरवलं आहे.